गढूळ पाण्याखालचं रान

"तलावाचं मुंडन करून टाकलन, माय. एक केस ठेवलन नाई."

असं म्हणणारी बाई माझ्यासमोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. गोंदियाहून सुटलेली छोटी गाडी कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमधून इतकी सावकाश चालली होती, की खिडकीबाहेर चरणारी म्हैससुद्धा मागे पडायला वेळ लावत होती. बायकांच्या डब्यात आम्ही सहाजणी होतो. दोघींच्या पायाशी मासळीच्या टोपल्या होत्या. गोंदियाच्या बाजारातून परत निघालेल्या टोपल्यांना जो वास असायला हवा, तो त्यांना फारसा नव्हता.

"पन सांगतलन कोनं?" दुसरीने विचारलं.

"कोना शिकल्या पोरीनं. नागपूरची होती म्हन्ते. चष्मेवाली. मालगुजाराले म्हनलन, काढून टाका, चांगलं खत होते."

"तिचं काय गेलं व? मासोऱ्या त आपल्या गेल्या."

मी चष्मा काढला आणि पदराने पुसू लागले. पुसून झाल्यावर तो परत डोळ्यांवर ठेवायचं धैर्य झालं नाही. सौंदड येईपर्यंत बाहेरची शेतं, पळसाची झाडं, बांधावरचे बगळे सगळं धूसर दिसत राहिलं. माझ्या मांडीवर लाकडी फळ्यांचा दाब होता. वनस्पती वाळवायच्या टीपकागदांचा गठ्ठा त्यात आवळून बांधलेला होता. त्या बायकांना तो बहुधा पोळपाटासारखा काहीतरी वाटला असावा. एकीने विचारलंही, "का व बाई, लग्नाचं सामान आहे का?" मी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

सौंदड

सौंदडला माझी ताई राहते. भाऊजी तिथे स्टेशनमास्तर आहेत. त्यांचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि पेरूचं झाड. दिवसातून मोजक्या गाड्या येतात, त्यामुळे भाऊजींना बोलायला भरपूर वेळ असतो आणि ऐकायला माणसं कमी. मी फार बोलत नसल्याने त्यांना मी आवडते.

मागच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी पहिल्यांदा इथे आले होते. नागपूरला कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकते. आमच्या मिस स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या. लहानपणापासून त्यांनी समुद्रातली झाडं पाहिलेली, आणि पुढे त्याच विषयाचा अभ्यास केलेला. त्यांच्या कपाटात केल्प नावाची समुद्री झाडं वाळवून चिकटवलेले मोठमोठे कागद आहेत. चामड्यासारखी तपकिरी पानं, काही माझ्या उंचीची. कपाट उघडलं की मीठ आणि औषध मिसळल्यासारखा वास येतो. ही झाडं थंड समुद्रात, खडकावर, उजेड पोचेल तितक्या खोलीपर्यंत उभी राहतात. एकापुढे एक अशी जंगलंच असतात ती. त्यांच्या सावलीत मासे अंडी घालतात, खेकडे राहतात. नॉर्वेपासून आफ्रिकेच्या टोकापर्यंत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, टास्मानियाच्या बाजूला अशी ती पसरलेली आहेत. आपल्या किनाऱ्यांवर नाहीत, कारण आपलं पाणी कोमट. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मिस शिकवताना भिंतीवरच्या नकाशावर थंड पाण्याच्या कडेकडेने निळ्या खडूची रेघ ओढायच्या. ती रेघ हिंदुस्थानाला कुठेच शिवत नसे.

"पण पाण्याखालचं जंगल फक्त खारं नसतं," मिस मला म्हणाल्या होत्या. "तुमच्या भंडारा जिल्ह्यात म्हणे शेकडो तळी आहेत. तिथल्या तळाशी काय उभं आहे ते मला आणून दाखव." म्हणून मी आले होते. आणि या वर्षी पुन्हा आले होते ते राहिलेले नमुने घ्यायला.

ताईने गरम पाणी काढून दिलं. जेवायला लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी आणि भात. नागपूरच्या आमच्या घरी लाखोळी कुणी खात नाही. आई म्हणते, त्याने पाय लुळे पडतात. ताई लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तिला घाबरायची, आता आवडीने खाते. माझ्या ताटात दुसऱ्यांदा डाळ वाढता वाढता ती म्हणाली, "परवा तळ्याच्या पाळीवर बैठक आहे. मालगुजारांनी बोलावलीय. ढिवरांना यापुढे तळ्यात जाळं टाकू द्यायचं नाही म्हणतात. गोंदियाचा कुणी ठेकेदार येणार आहे."

"का?" मी विचारलं.

"मासे संपले म्हणे. ढिवरांनी बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उपसली, असं मालगुजारांचं म्हणणं."

भाऊजींनी हात धुता धुता माझ्याकडे पाहिलं. "दुसरंही एक म्हणणं आहे गावात," ते म्हणाले. "मागच्या वर्षी तुम्ही तळ्यातल्या त्या वनस्पतीबद्दल काही सांगितलं होतंत ना?"

"तिला कशाला विचारता?" ताई पटकन म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू यात पडू नकोस. आपल्याकडे दूध त्यांच्याकडून येतं, तांदूळ त्यांच्याकडून येतात, मी आजारी पडले तेव्हा गाडी त्यांनी दिली. आणि तू आठ दिवसांची पाहुणी."

मी पडणार नव्हतेच. कुठल्याही गोष्टीत पडायची मला सवय नाही. शाळेत सिस्टरनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी बाकाच्या फळीकडे पाहत बसायची. म्हणूनच मागच्या वर्षी जे घडलं ते मला इतकं लख्ख आठवत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका वयस्क माणसाने मला गंभीरपणे काही विचारलं होतं आणि मी न अडखळता उत्तर दिलं होतं.

तो प्रसंग असा. मालगुजार आणि मी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभे होतो. माझ्या हातात तळ्यातून काढलेली लांब हिरवी वनस्पती होती, पाणी गळत असलेली. त्यांनी विचारलं, "बाई, हे काढून शेतात टाकलं तर खत होईल का?" मी म्हटलं, होईल. मिसच्या गावाकडे लोक समुद्रातली अशीच झाडं कापून शेतात घालतात, पिढ्यान् पिढ्या घालतात. मग ते म्हणाले, "पण काढल्यावर तळ्याला काही अपाय? पुन्हा येईल ना हे?" मी म्हटलं, येईल. एका हंगामात येईल. या झाडांना खरी मुळं नसतात, नुसती पकड असते. जमिनीतून ती काही घेत नाहीत, जमिनीला काही देत नाहीत. सगळं पाण्यातून घेतात. हे मी केल्पबद्दल शिकले होते. हातातल्या झाडाच्या बुडाशी पांढऱ्या मुळांचा झुबका होता, आणि त्याला चिखलाचा गोळा घट्ट चिकटलेला होता. तो मी बोलता बोलता बोटाने झाडून टाकला.

तळ्याकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुजारांकडून बंडी, म्हणजे बैलगाडी, आली. ताई बरोबर होती. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. खळ्यांवर धानाचे पुंजणे उभे होते, आणि एका ठिकाणी बैल गोल फिरवून मळणी चालली होती. गाडीवाल्याने आम्हाला पोवारी बोलीत काही सांगितलं, ते मला कळलं नाही. ताईला कळलं. ती हसली आणि म्हणाली, "म्हणतो, यंदा धान इतकं झालं की ठेवायला जागा नाही."

मालगुजार म्हणजे गावाचे जमीनदार, जातीने कोहळी, तळी बांधणाऱ्यांपैकी. त्यांच्या पणजोबांनी ते तळं बांधलं. गावात अजून सांगतात, की पाळ घालताना पणजोबा स्वतः मातीची टोपली डोक्यावर घेत, आणि पाण्याचा कल काठी टेकवून नुसत्या नजरेने ओळखत. पणतूही तसाच माणूस आहे. उंच, शांत, करड्या मिशांचा, बोलण्याआधी थोडं थांबणारा. वाईट माणूस असता तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

"या बाई," त्यांनी पाट मांडायला सांगितला. "यंदा तुमच्यामुळे धान पिकलं. तळ्यातलं सगळं काढून बांध्यांत टाकलं. वैशाखात पाणी खाली गेलं तेव्हा बैलांच्या वीस जोड्या लावल्या. वखर, काटेरी फांद्या, दोर. मुळासकट निघालं. दोन हात चिखल निघाला त्याच्याबरोबर. असं खत माझ्या बापानंही पाहिलं नव्हतं."

"मुळासकट?" मी विचारलं.

"मग? तुम्हीच म्हणाला होता, मुळं नसतात म्हणून. निघताना काय ते घट्ट होतं!" ते कौतुकाने हसले. त्या हसण्यात मला दोष देण्याचा लवलेश नव्हता. शिकलेली माणसं बारीकसारीक गोष्टींत चुकतात, हे त्यांनी मोठ्या मनाने गृहीत धरलं होतं.

जेवायला चिन्नोरचा भात होता. त्याचा सुवास ओसरीपर्यंत येत होता. मालगुजारीणबाईंनी वर तूप ओतलं. हा भात त्याच चिखलावर पिकलेला. मी खाल्ला. खरं सांगायचं तर भात फार चांगला होता.

"मासे?" ताईनेच विचारलं. मला वाटतं, तिला वाटलं असावं की मी विचारून बसेन, त्यापेक्षा आपण विचारलेलं बरं.

मालगुजारांनी हात हलवला. "ढीवर लोक. दोन पिढ्या सांभाळलं त्यांना. तळं दिलं. पण हाव सुटली. पिल्लं उपसली. पाणी उपसल्यासारखं तळं रिकामं केलं. यंदा भाद्रपदात एक जाळं भरून मासा दिसला नाही. मी पाहिलंय ना, लुगड्यासारखी बारीक जाळी घेऊन फिरतात."

मी ताटातला उरलेला भात संपवला.

डोंग्यात

दुपारी नमुने गोळा करायला मी तळ्यावर गेले. ताईला मालगुजारीणबाईंनी थांबवून घेतलं. मागच्या वर्षी ज्यांनी मला डोंग्यातून फिरवलं होतं, ते म्हातारे ढीवर दसरूबाबा आणि त्यांची सून पारबताबाई पाळीच्या उतारावर बसलेले होते. त्यांनी मला यंदाही डोंग्यात घेतलं. डोंगा म्हणजे एकाच मोठ्या खोडाला कोरून केलेली होडी. तिच्यात बसायचं म्हणजे श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागतो.

मागच्या वर्षीच्या त्या दुपारी मी डोंग्याच्या कडेला वाकून खाली पाहिलं होतं आणि वर यायचं विसरले होते. पाणी काचेसारखं. खाली हिरव्या फितींचं गवत एका दिशेला कललेलं, त्यावर पिसांसारख्या फांद्यांचं दाट रान, मधून मधून कमळाचे देठ दोरासारखे वर गेलेले. मासे पाखरांसारखे फांद्यांमधून आत-बाहेर करत होते. काठाला देवधान. पेरलं नसताना तळ्यात आपोआप उगवणारं ते धान पारबताबाईने तोडून मला चावायला दिलं होतं. तिने प्रत्येक झाडाला नाव सांगितलं. खालच्या दाट रानाला ती चिला म्हणायची. आणि तळ्याच्या उत्तरेकडच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "तिकडं नाई जायचं बाई. ते मासोऱ्याईचं माहेर आहे." श्रावण-भाद्रपदात मासळ्या त्या दाट चिल्यात अंडी घालायला जातात, म्हणून ढीवर तिथे जाळं टाकत नाहीत, डोंगासुद्धा नेत नाहीत. एखादा नवखा जावई चुकून गेलाच, तर त्याला बायका पाळीवरून अशा शिव्या देतात की तो सासरी जेवायचं विसरतो. तेव्हा मी खूप हसले होते आणि वहीत लिहून घेतलं होतं: ‘स्थानिक लोक माशांच्या पुनरुत्पादन-स्थळाचं रक्षण करतात.’ माणसाने इतकं कोरडं वाक्य का लिहावं, कळत नाही.

या वर्षी पाणी चहासारखं होतं.

माझ्याकडे मिसनी दिलेली पांढरी थाळी होती. मधोमध भोक पाडून दोरीला बांधलेली. पाण्यात सोडायची, आणि ती दिसेनाशी होईल तिथे दोरीला गाठ मारायची. उजेड किती खोल जातो ते त्यावरून कळतं. मागच्या वर्षी थाळी तळाला टेकली तरी चंद्रासारखी दिसत होती. या वर्षी मी ती सोडली आणि माझा कोपर पाण्यात जायच्या आधीच ती गेली. मी पुन्हा वर काढली, पुन्हा सोडली. जागा बदलली. सगळीकडे तेच. चिखल धरून ठेवणारी मुळंच राहिली नव्हती. पावसाचं पाणी आलं, वारा आला, की तळ ढवळला जायचा. ढवळलेल्या पाण्यातून उजेड खाली जात नाही. उजेड नाही म्हणजे नवं बी उगवत नाही. उगवत नाही म्हणजे चिखल धरायला कुणी नाही. मला हे सगळं एखादं गणित सुटल्यासारखं सरळ दिसत होतं. आधी दिसायला हवं होतं.

तिसऱ्यांदा थाळी ओढताना गाठ सुटली आणि ती खाली गेली. बुडबुडाही आला नाही.

"गेली," दसरूबाबा म्हणाले. मग दोरीचं रिकामं टोक पाहून, "मासोरी त नाई, आता थाळीच सापडन जाळ्यात."

पारबताबाई हसली नाही. ती वल्ह्याच्या बांबूवर हनुवटी टेकून माझ्याकडे पाहत होती.

"बाबानं चिला आनून लावलान," ती म्हणाली. "पल्याडच्या बोडीतून, त्या लहान्या तलावातून. चिखलाचे गोरे करून, काठाकाठानं. चार दिवस हिरवा रायला. मंग सडून गेला."

"कधी?" मी विचारलं.

"आश्विनात. कोनाले सांगू नका म्हनलन. लोकं हासतीन. मासोऱ्या धरनारा माणूस पानी पेरून रायला म्हनून."

दसरूबाबा दुसरीकडे पाहत होते. त्यांच्या हातांवरची कातडी मिसच्या कपाटातल्या पानांसारखी काळपट आणि चिवट होती.

मला काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "गाडीत बायका म्हणत होत्या, की कुणी एका मुलीने सांगितलं..."

"काऊन आडून बोलतेस बाई?" पारबताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आमाले पैल्या दिवसापासून ठाऊक आहे. दुसरी कोन शिकली पोरगी आली इथं? वखर चालून रायले होते ना, तवाच मी म्हनलं, हे त्या पोरीचं बोलनं. मालगुजार रोज सांगे, नागपूरची बाई असं म्हनलन, तसं म्हनलन."

"मग मला डोंग्यात का घेतलंत?"

"पोरगी आहेस. ठाऊक नोहतं तुले. ज्याले ठाऊक नाई तो काईबी सांगते." तिने बांबू पाण्यात रोवला आणि डोंगा वळवला. "पन आता ठाऊक आहे न तुले? थाळी टाकून पायलं न? मंग उद्या पारीवर सांग. आमी सांगतो त आयकूच येत नाई त्याईले. तुहं बोलनं आयकतेत."

मी दोरी गुंडाळून ठेवली. काठ येईपर्यंत पारबताबाई डोंगा ढकलत राहिली. उत्तरेच्या कोपऱ्यातून आम्ही सरळ गेलो. आता तिथून जायला काही हरकत नव्हती.

पाळीवर

त्या रात्री मी ताईला काही सांगितलं नाही. मिसना लिहायचं पत्र मात्र तीनदा सुरू केलं. इंग्रजीत ते फार चांगलं जमत होतं. ‘मुळं आणि पकड यांतला फरक’, ‘पाण्याची पारदर्शकता’, असे शब्द इंग्रजीत एकामागून एक नीट रांगेत येत होते. त्यात मी कुठेच नव्हते. शेवटी कागद दुमडून दाबाच्या फळ्यांमध्ये ठेवला.

बैठक सकाळी होती. पाळीवर मोहाच्या झाडाखाली सतरंजी घातलेली. मालगुजार, दोन-तीन वयस्क शेतकरी, आणि गोंदियाचा ठेकेदार, जो हिंदीत अगदी गोड बोलत होता. "हमारा क्या है, मालगुजार साहब, जैसा आप बोलेंगे," असं तो दर वाक्यानंतर म्हणत होता. उताराच्या बाजूला ढीवर पुरुष उकिडवे बसले होते. त्यांच्यामागे बायका उभ्या होत्या. मी आणि ताई बंडीजवळ. मला वाटतं, आम्ही कुणाच्या बाजूच्या आहोत ते ठरू नये, म्हणूनच ताईने ती जागा निवडली होती.

मालगुजारांनी शांतपणे सांगितलं. तळं घराण्याचं. मासा सगळ्यांचा होता, तोवर ढिवरांना दिला. त्यांनी तो ठेवला नाही. आता यापुढे ठेकेदार माशांचं नवं बीज आणून सोडेल आणि तोच काढेल. ढिवरांनी जाळी घेऊन पाळीच्या आत यायचं नाही.

"आमी पिल्लं धरली नाई," दसरूबाबा म्हणाले.

"मग गेली कुठे?"

"पैदाच झाली नाई, मालगुजार. चिलाच नाई त अंडी कोठं घालतीन? रस्त्यावर?"

कुणी तरी हसलं. मालगुजारांचा चेहरा कडक झाला. "चिला काय पिल्लं देतो का रे? शिकलेल्या माणसाला विचारलं मी. तळ्याला काही होत नाही म्हणून सांगितलं. सगळं परत येतं म्हणून सांगितलं. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं?"

"शिकलेल्या माणसानं तलाव पायलाय काय कधी?" मागून पारबताबाई म्हणाली.

"चूप गं," एक म्हातारा तिला म्हणाला. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. एकदम नाही. आधी ठेकेदार, मग शेतकरी, मग शेवटी मालगुजार, आणि त्यांची नजर अगदी निर्धास्त होती. मी त्यांच्या बाजूची आहे याविषयी त्यांना शंकाच नव्हती.

ताईने माझा हात धरला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटावर रुतल्या.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण ते माझ्या बोलण्याने बदललं नाही. तळं ठेकेदारालाच गेलं. मालगुजारांनी माझ्यावर राग धरला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ताईकडे दूध उशिरा येऊ लागलं, आणि मग दुसऱ्याच घरून घ्यावं लागलं. भाऊजी मला काही बोलले नाहीत. निघताना स्टेशनवर त्यांनी माझं सामान स्वतः उचलून डब्यात ठेवलं, एवढंच. पारबताबाईच्या घरची माणसं माघात गोंदियाला विड्या वळायला गेली. दसरूबाबा गावात राहिले. ताईच्या पत्रात असतं, की ते रोज पाळीवर येऊन बसतात आणि ठेकेदाराची माणसं त्यांना हाकलत नाहीत. ठेकेदाराने सोडलेलं बीजही त्या गढूळ पाण्यात फारसं जगलं नाही.

मिसनी माझं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांनी मागच्या वर्षीचे माझे नमुने कपाटातून काढले, चिल्याचा कागद पुढे घेतला, आणि खालच्या कोपऱ्यात तळ्याचं नाव होतं त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, ‘आता आढळत नाही.’ वनस्पतींच्या नकाशात अशा जागा बऱ्याच असतात, त्या म्हणाल्या. मग कपाट बंद केलं.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी पाळीवर यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मोहाच्या फांद्यांमधून ऊन सतरंजीवर पडलं होतं, खाली तपकिरी पाणी काठाला हलकं आपटत होतं, आणि मालगुजार मला म्हणत होते, "सांगा बाई, तुम्हीच सांगा यांना. तळ्यातलं काढल्याने मासे जातात का?"

मी ताईचा हात सोडवला. दोन पावलं पुढे गेले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बायका पुढे सरकल्या. मग मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं:

"मासे या लोकांनी नाही, मी घालवले, मालगुजार साहेब. तुम्ही विचारलंत तळ्याचं आणि मी सांगितलं समुद्राचं. आणि समुद्र मी अजून पाहिलेलासुद्धा नाही."